वृषणरज्जूची कैफियत

सोळाव्या शतकात युरोपच्या गावोगावी हिंडणाऱ्या फिरस्त्या वैदूंमध्ये दात उपटणारे, मोतीबिंदू ढकलणारे आणि अंतर्गळ कापणारे असे लोक असत; आणि त्यांपैकी अंतर्गळवाल्याकडे जो पुरुष जाई, त्याला तेथून परत येताना आपण काय गमावून येणार याची बहुधा आधीपासूनच कल्पना असे. जांघेत फुगणारी, खोकताना वाढणारी आणि आडवे पडले की पोटात परत जाणारी ती गाठ नाहीशी करण्याची या लोकांची रीत अगदी सरळ होती. जांघेवर छेद घ्यायचा, आत हाताला लागेल तो सगळा जुडगा बाहेर ओढायचा, दोऱ्याने करकचून आवळायचा, आणि आवळलेल्या जागेखालचे सर्व काही, त्या बाजूच्या वृषणासकट, कापून टाकायचे. आतडे खाली उतरण्याची वाट त्यायोगे काही काळ बुजे हे खरे. पण रोग्याचा एक वृषण जाई, गळ दोन्ही बाजूंना असला तर दोन्ही जात, आणि पुष्कळदा व्रण चिघळून खुद्द रोगीच जाई, तोवर वैदू मात्र बिदागी घेऊन पुढच्या गावी पोहोचलेला असे.

ज्याला मी वर जुडगा म्हटले तो वृषणरज्जू होय, आणि ज्या शस्त्रक्रियेने त्याला शतकानुशतके केवळ अडथळा म्हणून कापून टाकले, तिलाच अखेरीस त्याच्याभोवती आपली सारी रचना कशी करावी लागली, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

हे कापणे निव्वळ अज्ञानातून चालले होते असेही म्हणवत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने वृषण राखून करावयाच्या क्रियेचे वर्णन करून ठेवले होते. पण सातव्या शतकातील ईजिना येथील पॉल याने रज्जू बांधून वृषण काढण्याची क्रिया सांगितली, आणि पुढच्या वैद्यांनी नेमकी ती उचलली, कारण ती सोपी होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वंक्षण (म्हणजे जांघ) आणि वृषण यांच्या मधल्या जागी विटप नावाचे मर्म सांगितले असून त्याची गणना वैकल्यकर मर्मांत केली आहे, आणि तेथे आघात झाल्यास षंढत्व येते किंवा शुक्र अल्प होते असा स्पष्ट इशारा दिला आहे. अंत्रवृद्धी, म्हणजे अंतर्गळ, वृषणकोशात उतरण्यापूर्वीच वंक्षणप्रदेशी डाग द्यावा, कोशात उतरली म्हणजे ती वर्ज्य समजावी, असा त्या ग्रंथाचा दंडक आहे. त्या जागी आत काय काय आहे याचा तपशील संहिताकारांनी दिलेला नाही. पण तेथे शस्त्र चालवल्यास काय घडते हे त्यांनी पुरते पाहिले होते, आणि हात आवरण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते. युरोपातल्या वैदूंपाशी तेवढेही नव्हते.

तरीही त्या बाजारात दोन माणसे अशी निघाली की ज्यांना या कापाकापीचा विटाळ वाटला. पिएर फ्रांको हा प्रॉव्हान्सचा शस्त्रवैद्य विद्यापीठाच्या पायरीला न शिवता या धंद्यात वाढलेला, आणि १५५६ व १५६१ मधील आपल्या ग्रंथांत त्याने शक्य तेथे वृषण वाचवण्याचा आग्रह धरला. दुसरा कास्पार श्ट्रोमायर, बोडेन सरोवरातल्या लिंडाऊ या बेटावरचा. त्याने १५५९ मध्ये एक विस्तृत सचित्र हस्तलिखित सिद्ध केले. रोग्याला उतरत्या फळीवर, डोके खाली आणि कंबर वर अशा रीतीने बांधून आतडी आपल्या भाराने पोटात परत जाऊ द्यावीत हे त्याच्या चित्रांत दिसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अंतर्गळाच्या दोन जाती आहेत, एक रज्जूच्या सोबत तिरकी उतरणारी आणि दुसरी रज्जूशी संबंध न ठेवता पोटाच्या भिंतीतून थेट पुढे येणारी, हे त्याने ओळखले आणि दुसऱ्या जातीत वृषणाला हात लावण्याचे कारण नाही असे लिहून ठेवले. हे लिखाण विसाव्या शतकापर्यंत छापले गेले नाही. साडेतीनशे वर्षे ते दप्तरात पडून राहिले, आणि त्या साडेतीनशे वर्षांत किती पुरुषांनी त्याची किंमत मोजली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

खरा उलगडा झाला तो लंडनमध्ये, आणि तो अंतर्गळाच्या रोग्यावर नव्हे तर न जन्मलेल्या मुलांच्या शवांवर झाला. विल्यम हंटर हा स्कॉटिश वैद्य १७४६ पासून कॉव्हेंट गार्डन भागात शरीररचनेचे वर्ग चालवीत असे, आणि १७४८ मध्ये त्याचा धाकटा भाऊ जॉन त्याच्या मदतीला आला. थोरला भाऊ वक्ता, दरबारी वळणाचा, पोशाखाची आणि भाषेची फार निगा राखणारा. धाकटा शाळेला कंटाळलेला, लिहिताना अडखळणारा, पण हाती चाकू आला म्हणजे तासन्‌तास मान वर न करणारा. बर्न आणि गटिंगेन या नगरांशी ज्याचे नाव जोडले गेले आहे त्या आल्ब्रेख्ट फॉन हालर या विद्वानाने १७५५ मध्ये छापलेल्या लेखसंग्रहात एक विलक्षण निरीक्षण नोंदवले होते: गर्भावस्थेत वृषण पोटात असतात, आणि काही नवजात मुलांत आतडे वृषणाच्या अगदी अंगाला भिडलेले सापडते. विल्यमने ते वाचले आणि जॉनला त्या कामाला लावले. १७५५-५६ च्या हिवाळ्यात, म्हणजे जेव्हा थंडीमुळे शवे टिकत आणि विच्छेदनगृहे भरभराटीत असत त्या दिवसांत, जॉनने निरनिराळ्या महिन्यांचे गर्भ एकामागून एक उघडून पाहिले.

त्याला दिसले ते असे. लहान गर्भात वृषण मूत्रपिंडाच्या किंचित खाली, पाठीच्या बाजूला, पर्युदराच्या पडद्याआड असतो. त्याची रोहिणी महारोहिणीतून तेथल्या तेथे निघते, आणि तिचा प्रवास तोवर अगदी आखूड असतो. वृषणाच्या खालच्या टोकापासून एक मऊ दोर निघून जांघेतून वृषणकोशापर्यंत जातो. जॉनने त्याला सुकाणू अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले व ते अद्याप रूढ आहे. महिने भरत जातात तसा वृषण या दोराच्या मार्गाने खाली सरकतो, पर्युदराची एक पिशवी आपल्यापुढे घेऊन पोटाच्या भिंतीतून तिरका बाहेर पडतो, आणि बहुधा आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत कोशात येऊन बसतो. जन्मानंतर ही पिशवी वरच्या बाजूने मिटते आणि पोटाशी असलेला तिचा संबंध तुटतो. ज्या मुलात ती मिटत नाही, त्याच्यात आतड्याला खाली उतरायला निसर्गाने केलेली वाट उघडीच राहते, आणि म्हणूनच ते वृषणाला भिडते. त्यात कोठे काही फाटलेले नसते.

या एका निरीक्षणाने रज्जूतील प्रत्येक धाग्याची संगती लागली. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत वृषणाच्या वर हलके धरले असता ताणलेल्या सुतळीसारखी जी कडक दोरी हाताला लागते ती रेतोवाहिनी. तिची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि ती मूत्राशयामागून निघून जांघेतल्या नालेतून वळसा घेत वृषणापर्यंत का येते, याचे उत्तर वृषणाच्या स्थलांतरात आहे. तिच्या सोबतीची वृषणरोहिणी मूत्रपिंडाजवळ उगम पावून जांघेपर्यंत एवढा लांबचा पल्ला गाठते, कारण वृषण जेथून निघाला तेथूनच त्याने आपला रक्तपुरवठा सोबत आणला. उजवीकडची वृषणनीला अधोमहानीलेला मिळते आणि डावीकडची डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला. हा भेद पूर्वीच्या शारीरविदांनी पाहिला होता, पण जुनी वसाहत सोडून दूर गेलेल्या अवयवाचे हे जुने नातेसंबंध आहेत हे कॉव्हेंट गार्डनमध्ये कळले. नीलांचे दाट जाळे, लसीकावाहिन्या, स्वायत्त तंत्रिका, आणि पर्युदराच्या मिटलेल्या पिशवीचा उरलेला तंतू, हे सारे त्या प्रवासाचे साथीदार. भिंतीतून बाहेर पडताना रज्जूने वाटेतल्या प्रत्येक थराकडून एकेक पांघरूण घेतले: सर्वांत बाहेरचे बाह्य तिर्यक् स्नायूच्या कंडरापटलापासून, मधले आंतर तिर्यक् स्नायूच्या तंतूंपासून, ज्यांच्यामुळे थंडीत किंवा मांडीला आतून स्पर्श केला असता वृषण वर खेचला जातो, आणि सर्वांत आतले अनुप्रस्थ प्रावरणीपासून.

शोध लागला आणि भांडण उभे राहिले. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा प्रतिष्ठित शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७५६ मध्ये अंतर्गळावर ग्रंथ छापला होता, पण त्यात जन्मजात प्रकाराचा खुलासा नीट उतरला नव्हता. त्यानंतर तो हंटरांच्या विच्छेदनगृहात आला, जॉनने त्याला आपली तयार केलेली शवे दाखवली, आणि १७५७ मध्ये पॉटची नवजात मुलांच्या अंतर्गळावर एक स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध झाली, जिच्यात हंटरांचा नामोल्लेखही नव्हता. निदान विल्यमने आपली फिर्याद अशी मांडली. १७६२ मध्ये त्याने ‘मेडिकल कॉमेंटरीज’ या नावाने जो ग्रंथ काढला, त्याचा मुख्य रोख एडिनबर्गच्या शारीरविद मनरो पितापुत्रांतील धाकट्यावर होता, कारण रेतोवाहिनीतून पारा भरून वृषणातील सूक्ष्म नलिका प्रथम कोणी दाखवल्या या मुद्द्यावर त्या दोघांत वेगळाच कज्जा चालू होता. पण त्याच ग्रंथात पॉटचाही समाचार घेतला आहे आणि जॉनचे गर्भावरील मूळ निवेदनही छापले आहे. ज्याच्या हातांनी हे सारे काम केले तो जॉन मात्र त्या वेळी लंडनमध्ये नव्हता. १७६० मध्ये सैन्यातील शस्त्रवैद्याची नेमणूक घेऊन तो निघून गेला होता, बेल-ईल बेटाच्या मोहिमेत बंदुकीच्या जखमा शिवीत होता आणि ग्रंथ निघाला त्या साली पोर्तुगालात होता.

माझ्या मते या वादात मूळ हक्क हालरचा, सिद्धता जॉनची, आणि पॉटकडे निदान दोन ओळींच्या ऋणनिर्देशाची बाकी राहते. विल्यमच्या संतापाबद्दल सहानुभूती वाटू लागते तोच आठवते की १७८० मध्ये वारेच्या रक्तवाहिन्यांच्या शोधाचे श्रेय कोणाचे यावरून हेच दोघे सख्खे भाऊ रॉयल सोसायटीपुढे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि मग त्यांचे फारसे जमले नाही.

जॉन हंटरच्या व्याख्यानांना बसलेल्या विद्यार्थ्यांत नॉर्फकचा अ‍ॅस्टली कूपर होता. १८०० मध्ये तो लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयाचा शस्त्रवैद्य झाला आणि १८०४ व १८०७ अशा दोन भागांत त्याने उदरातील अंतर्गळाच्या रचनेवर आणि चिकित्सेवर भव्य ग्रंथ काढला. चित्रे एवढी मोठी आणि एवढी खर्चाची की विक्रीतून ग्रंथाचा खर्चही निघाला नाही. या ग्रंथाने शस्त्रवैद्यांच्या नजरेस एक असा थर आणून दिला, ज्याकडे तोवर कोणी लक्ष दिले नव्हते: स्नायूंच्या आत आणि पर्युदराच्या बाहेर पसरलेली अनुप्रस्थ प्रावरणी. रज्जू जेथून पोटातून निघतो ते आतले द्वार याच प्रावरणीत आहे, बाहेरचे द्वार त्याहून खाली आणि मध्याकडे बाह्य तिर्यक् स्नायूच्या कंडरापटलात आहे, आणि दोहोंच्या मधली सुमारे चार सेंटिमीटरांची तिरकी वाट ही वंक्षणनाल. वाट तिरकी असल्यामुळेच खोकताना पोटाचा दाब तिच्या मागच्या भिंतीला पुढच्या भिंतीवर दाबतो आणि ती मिटते. ही योजना जेथे दुबळी पडते तेथे आतडे बाहेर येते.

इतकी शवे कूपरला मिळत कोठून, हा प्रश्न त्या काळी सर्वांनाच पडे आणि उत्तरही सर्वांना माहीत असे. स्मशाने उकरून प्रेते विकणाऱ्या टोळ्यांचा तो मोठा गिऱ्हाईक होता, आणि १८२८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे जबानी देताना, समाजात कोणी कितीही उच्चपदस्थ असला तरी आपण मनात आणल्यास त्याचे शव मिळवू शकतो, असे त्याने शांतपणे सांगितले. त्याच्या या स्पष्टवक्तेपणाचा चार वर्षांनी झालेल्या शवविच्छेदनाच्या कायद्याला उपयोग झाला असे मानायला जागा आहे.

पण वृषणरज्जूच्या इतिहासात कूपरचे स्थान एका कुत्र्यामुळे अधिक पक्के झाले आहे. १८२३ मध्ये त्याने एका कुत्र्याच्या एका बाजूची रेतोवाहिनी छेदली आणि दुसऱ्या बाजूची वृषणरोहिणी व नीला छेदल्या. ज्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला तो वृषण सडून गळून पडला. ज्या बाजूची रेतोवाहिनी तुटली तो वृषण जिवंत राहिला, किंबहुना नेहमीपेक्षा थोडा मोठा झाला. कूपरने ते जनावर सहा वर्षे पाळले. त्या काळात ते दोनदा मादीशी रत झालेले पाहण्यात आले, पण मादीला पिले झाली नाहीत. १८२९ मध्ये कुत्र्याला मारून पाहिले, तेव्हा तोडलेल्या जागेच्या वृषणाकडील रेतोवाहिनी शुक्राने तट्ट फुगलेली आढळली. १८३० मध्ये वृषणाच्या रचनेवर व रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने हे सर्व नोंदवले. पुरुषनसबंदीच्या शस्त्रक्रियेचा सारा शास्त्रार्थ त्या नोंदीत आहे, परंतु त्याचा उपयोग पुढच्या शतकाने केला. कूपरला जाणायचे होते ते एवढेच की रज्जूतला कोणता धागा कशासाठी आहे.

यानंतरची पन्नासएक वर्षे ज्ञान पुढे आणि हात मागे अशी गेली. पोट उघडले की पू होणार आणि पू झाला की मृत्यू येणार, ही भीती एवढी की आतडे अडकून प्राणावर बेतल्याशिवाय कोणी चाकू उचलत नसे; बाकीच्यांनी जन्मभर पट्टा बांधून राहावे. १८४६ मध्ये ईथरने वेदना नाहीशी केली आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे वंक्षणनाल सावकाश उघडून आत पाहण्याची सोय झाली. तरीही गळाची पिशवी बांधून छिद्र आवळण्यापलीकडे बहुतेकांची कल्पना गेली नाही, आणि गळ पुन्हा पुन्हा उद्भवत राहिला.

एदुआर्दो बासिनी हा पावियाचा तरुण डॉक्टर १८६७ च्या ऑक्टोबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पोपच्या अमलाखालचे रोम मुक्त करण्यासाठी निघालेल्या काइरोली बंधूंच्या सत्तर-पंचाहत्तर माणसांच्या तुकडीत होता. व्हिला ग्लोरी येथे ही तुकडी पोपच्या सैन्याच्या तावडीत सापडली. एन्‌रिको काइरोली ठार झाला, आणि बासिनीच्या जांघेत संगीन घुसून आतड्याला भोक पडले. पुढे कित्येक महिने त्या व्रणातून मळ झिरपत असे, आणि पावियात लुइजी पोर्ता या त्याच्या गुरूने त्याला बरे केले. जांघेच्या जखमेनेच त्याला जांघेच्या शस्त्रक्रियेकडे नेले असा जो निष्कर्ष चरित्रकार हौसेने काढतात, त्यात मला फारसे तथ्य दिसत नाही; व्हिएन्नाला बिलरोथपाशी, बर्लिनला लांगेनबेकपाशी आणि इंग्लंडला जाऊन त्याने जे शिक्षण घेतले, त्यानेच तो घडला. १८८२ पासून पादुआ विद्यापीठात तो शस्त्रक्रियेचा प्राध्यापक होता.

१८८४ च्या अखेरीस त्याने केलेल्या क्रियेत वृषणरज्जूला प्रथमच योग्य तो मान मिळाला. बाह्य तिर्यक् स्नायूचे कंडरापटल उभे चिरून त्याने वंक्षणनाल पुरती उघडली, रज्जू भोवतालच्या थरांतून अखंड सोडवून हलकेच उचलून बाजूला धरला, त्याच्या आतल्या अंगाला दडलेली गळाची पिशवी शोधून वेगळी केली आणि पोटाच्या तोंडाशी बांधून कापली. मग, आणि यातच सारे मर्म होते, मागची दुबळी प्रावरणी उघडून आंतर तिर्यक् स्नायू, अनुप्रस्थ स्नायू आणि अनुप्रस्थ प्रावरणी हे तिन्ही थर एकत्र धरून रज्जूच्या खालून वंक्षणबंधाला रेशमी टाक्यांनी शिवले. या नव्या भिंतीवर रज्जू पुन्हा ठेवला आणि त्याच्यावरून कंडरापटल मिटले. नालेचा तिरकेपणा परत आला, मागची भिंत भक्कम झाली, आणि वृषणाला धक्का लागला नाही. १८८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने २६२ शस्त्रक्रियांची नोंद दिली. त्यांत गळ पुन्हा उद्भवलेले रोगी हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतके होते.

त्याच सुमारास अमेरिकेत बॉल्टिमोरला विल्यम हॉलस्टेड स्वतंत्रपणे अशाच विचारापर्यंत पोहोचला होता, पण त्याने रज्जूवर एक अविचार केला. रज्जू जाड राहिला तर त्याच्या वाटेने गळ परत येईल अशा समजुतीने त्याने नीलांचे जाळे बरेचसे कापून टाकले आणि बारीक केलेला रज्जू त्वचेखाली आणून ठेवला. परिणामी कित्येकांचे वृषण सुजले, कोशात पाणी साचले, काहींचे पुढे सुकून गेले. वृषणाचे तापमान देहाहून दोन-तीन अंशांनी कमी राहावे लागते आणि वर येणारे नीलांचे थंड रक्त खाली येणाऱ्या रोहिणीच्या रक्ताची उष्णता वाटेतच काढून घेते, हे नंतर समजले. पण रक्तवाहिन्यांवर हात टाकू नये हे सांगायला कूपरचा कुत्रा पुरेसा होता, आणि त्याची साक्ष बॉल्टिमोरात कोणी काढली नाही. हॉलस्टेडच्या हाताखालच्या ब्लडगुड याने रोग्यांचा पाठपुरावा करून १८९९ मध्ये आकडे मांडले, आणि हॉलस्टेडनेही ती रीत सोडून दिली.

बासिनीच्या क्रियेचे मात्र वेगळेच हाल झाले. ती जगभर पसरली, पण पसरताना शस्त्रवैद्यांनी तिचा कठीण भाग, म्हणजे प्रावरणी उघडून तिच्यासकट तिन्ही थर शिवणे, गाळून टाकला आणि वरवरचे स्नायू ओढून बंधाला टाके घालण्यालाच ते बासिनीची पद्धत म्हणू लागले. त्या अर्ध्या पद्धतीत गळ पुन्हा येऊ लागला, तेव्हा दोष मूळ पुरुषाच्या माथी आला. १९२४ मध्ये बासिनी वारल्यावर त्याचा जुना सहायक आत्तिल्यो कात्तेरिना याने १९३०च्या दशकात रंगीत चित्रांसह मूळ क्रिया पायरीपायरीने छापली, पण तोवर चुकीचा पाठ पाठ्यपुस्तकांत रुजला होता. टोरोंटोत १९४५ मध्ये रुग्णालय काढणाऱ्या शोल्डाइसने रज्जू बाजूला घेऊन तीच प्रावरणी पुन्हा उघडायला आणि दुमडून शिवायला सुरुवात केली, आणि रोगी पुन्हा टिकाऊ बरे होऊ लागले. बासिनीची पद्धत फसली असे जे पुष्कळ वर्षे छापले गेले, ते त्याच्यावर अन्यायाचे आहे. फसली ती त्याच्या नावाने चालवलेली दुसरीच क्रिया.